खुंट्यांमधलं धान

प्रबंधासाठी मी आमगावजवळच्या एका काकूंच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, गादमाशी मोजत होतो. ही माशी लागली की फुटव्याचा चंदेरी पोंगा होतो आणि त्याला लोंबी येत नाही. शंभर फुटव्यांत पाच पोंगे दिसले तरच फवारायचं, तोवर औषधाला हात लावायचा नाही, असं आमचं शास्त्र. काकूंनी बांधी ठेक्यानं केली होती, पीक बुडालं तरी मालकाचे पैसे चुकणार नव्हते, तरीही मी सांगेपर्यंत फवारणार नाही असा शब्द त्यांनी दिला.

पक्षपात टाळण्याबाबत मी फार दक्ष. डोळे मिटून काठ्या फेकल्या, पडल्या तिथे खुंट्या ठोकून पाच चौकटी केल्या आणि दर सोमवारी तेवढ्याच मोजल्या. चौकटीबाहेर डोकावणंसुद्धा मला अशास्त्रीय वाटायचं. शेजारच्या बांध्या पाचाच्या वर गेल्या, काकूंची दोनावर अडून बसली. मार्गदर्शक खूश झाले. या धानात काही उपजत ताकद असावी, असं मी लिहायलाही घेतलं. शिकलेल्या माणसाला मूर्ख व्हायला आकड्यांची फार मदत होते.

एका सोमवारी ओळखीच्याची मोटरसायकल मिळाली आणि मी तासभर आधी पोचलो. काकू चिखलात वाकून चौकटीतले पोंगे उपटत होत्या. पाहुणा यायच्या आधी अंगण झाडावं, तसं त्यांचं हे दर सोमवारी चाललं होतं. मला पाहून त्या ओशाळल्या.

"तुमी येऊन राहिले, मंग वावर असंच दाखवू का? दोन ठेवत होती मी. नाही तं तुमाले खोटं वाटलं असतं."

मग मी पहिल्यांदा खुंट्यांच्या बाहेर मोजलं. पाचाची पातळी केव्हाच ओलांडली होती, जिकडेतिकडे पोंगे होते. मला माझीच लाज वाटली. औषधाची वेळ निघून गेली, या पोंग्यांना आता लोंबी धरणार नाही, हे मी त्यांना कसंबसं सांगितलं. त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या. नंतर त्यांनी विचारलं, "तुमची परीक्षा तं पास होईन ना, सर?"

होईल, म्हणालो. झालोही. सदोष नोंद म्हणून आम्ही ती बांधी प्रबंधातून वगळली. काकूंना कापणी मात्र तिचीच करावी लागली.