सांजेची गिनती

परभणीच्या तुरुंगात शिपाई होतो तेव्हा मी एकदा मेलेला माणूस मोजून बसलो. रझाकारी संपून दोनेक वर्षं झाली असतील. दिवस मावळायच्या आत कैदी जोडीजोडीनं उकिडवे बसायचे. गिनती जुळली की तेवढ्यांना भाकरी, आणि मग कुलूप. मी इतका हुशार, की माणसं न बघता नुसत्या जोड्याच मोजायचो.

त्या सकाळी चारठाण्याकडचा एक म्हातारा कैदी तापानं गेला होता. जमादार खेकसला, "कालच्याइतकेच कसे भरले रे? एक गेलाय ना! परत मोज."

परत मोजताना दिसलं. म्हाताऱ्याचा जोडीदार शेजारची जागा रिकामी सोडून बसला होता, आणि तिथं म्हाताऱ्याची थाळी मांडलेली होती. मी "एक" म्हणालो.

मान वर न करता तो म्हणाला, "न्हाई साहेब, आजच्या दिवस दोनच म्हणा."

सगळे भुकेले खोळंबले होते. मी एकच म्हणालो.

अजूनही घरची पंगत मोजली, की माझा एक माणूस जास्तच भरतो.

त्या दिवशी घरी येऊन सांगितलं, तर बायको वाढता वाढता थांबली. म्हणाली, "दोन म्हणायचं होतं की हो. एक भाकर जास्त मिळाली असती, त्यानं सकाळी कावळ्याला घातली असती."