फलटणच्या कपाटातला एकशे एक्कावन्नावा

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्याहून फलटणला निघाले होते. पिशवीत पाण्याची बाटली होती, पायात चप्पल होती. फोन मिरजेच्या दवाखान्यातून होता. मी फलटणचं रद्द केलं आणि मिरजेची गाडी पकडली. या गोष्टीला महिना होऊन गेला. ती चप्पल मी तीन आठवडे आधी घालायला हवी होती, यापलीकडे माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही.

सुधीर माझा धाकटा भाऊ. सांगलीत त्याचं टीव्ही आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न केलं नाही. चाळिशीच्या आत दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा मिरजेला डायलिसिस सुरू झालं. मी साताऱ्याहून रजा टाकून जायचे. गेल्या वर्षी फलटणच्या आत्याचा मिलिंद अमेरिकेहून मुलाला घेऊन आला होता. त्या मुलाच्या हातातल्या व्हिडिओ गेमचं एक बटण अडकलं, ते सुधीरनं उघडून साफ करून दिलं. पोरगा खूश होऊन जाताना तो गेम सुधीरकाकालाच देऊन गेला. त्यात तऱ्हेतऱ्हेचे प्राणी पकडून गोळा करायचे आणि लढवायचे असतात. मला तो शुद्ध वेळेचा अपव्यय वाटला. पण डायलिसिसला चार तास पडून राहायचं, डाव्या हातात सुया, तो हलवायचा नाही. गेमचे बाण नेमके डावीकडे. मग उजवीकडची बटणं तो दाबायचा आणि बाण मी.

"वर... वर जा. आता डावीकडे. अगं ताई, भिंतीला काय धडकतेस?"

"मला काय ठाऊक ती भिंत आहे? हिरवं दिसतंय सगळं."

शेजारच्या खाटेवर पलूसचे एक म्हातारे काका असत. त्यांनी एकदा विचारलं, "आवं बाई, काय धरताय त्यात एवढं?"

"राक्षस धरतोय, काका," सुधीर म्हणाला.

"धरा, धरा. आमच्या गावातबी दोन-तीन हायत, तेबी घेऊन जावा."

पावसाळ्यापर्यंत त्याची दीडशेची यादी जवळजवळ भरली. पण एकशे एक्कावन्नावा प्राणी गेममध्ये कितीही फिरलं तरी सापडत नाही. तो गेमची कंपनी स्वतःच्या कार्यक्रमात वाटते, तेही परदेशात. पकडलेले प्राणी ज्यात साठतात ती गेममधली कॅसेट घेऊन रांगेत उभं राहायचं, काउंटरवरचा माणूस त्यात तो घालून देतो. फुकट. मिलिंदनं फोनवर हे सांगितल्यापासून सुधीरला दुसरं काही सुचेना.

मला मात्र वेगळंच काही सुचत होतं. माझ्या तपासण्या झाल्या होत्या, किडनी जुळत होती, डॉक्टर तारीख द्यायला तयार होते. सुधीर नाही म्हणत होता. सहा महिने नाहीच म्हणत होता.

"कंपनीनं दिलेलं चालतं, बहिणीनं दिलेलं चालत नाही?" मी एकदा चिडून म्हटलं.

"कंपनीकडे ढीगभर आहेत. तुझ्याकडे दोनच."

"मला एक पुरते. डॉक्टरांनीच सांगितलंय."

"तू डॉक्टरांचं कधीपासून ऐकायला लागलीस?"

पुढच्या खेपेला, सुया काढल्यावर, तो आपणहून बोलला. "तो प्राणी आला ना, ताई, की तारीख घे. तोवर विषय काढू नकोस." मी त्याच आठवड्यात कॅसेट अमेरिकेला धाडली, पुण्याहून जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती. मिलिंद मुलासोबत रांगेत उभा राहिला. काम झालं. कुरिअर करू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. वाटेत हरवलं तर काय करायचं? कुणी येणारा असेल त्याच्या हाती दे. आमच्या घरात लोणच्याच्या बरणीपासून दागिन्यांपर्यंत सगळं असंच येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पोचतं, कधी काही गहाळ झालेलं नाही. हीही गहाळ झाली नाही. मिलिंदचा मित्र आला आणि कॅसेट फलटणला आत्याकडे सुखरूप देऊन गेला.

"लय जपून ठिवलंय बघ," आत्या फोनवर म्हणाली. "कपाटात, कुलपात. कुणी सांगलीला जाणारं गावलं की धाडते."

मी जाऊन आणते, असं सुधीरला सांगितलं. साताऱ्याहून फलटण दीड-दोन तास. तो म्हणाला, "राहू दे. दोन दिवस इथं येतेस, आणखी कुठे पळतेस? येईल कुणाच्या तरी हाती." मी ऐकलं. एरवी मी कुणाचं ऐकत नाही... तीन आठवडे सांगलीला जाणारं कुणी मिळालं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्याला थंडी वाजून ताप आला. तेव्हा कॅसेट घेऊनच त्याच्याकडे जायचं मी ठरवलं, तेही रविवारची वाट बघत, कारण रविवारी ऑफिसला सुट्टी होती. संसर्ग रक्तात पसरला होता. शनिवारी रात्रीपर्यंत तो बोलत होता, असं नर्स म्हणाली. काय बोलत होता, ते मी विचारलं नाही.

त्याला ती कॅसेट खरंच हवी होती, की ती कधीच येऊ नये असं वाटत होतं? माझी किडनी घ्यायची वेळ लांबवायला त्यानं एक अशक्य अट घातली, आणि मी वेडी ती पुरी करत सुटले? रोज सकाळी मी एक उत्तर ठरवते, संध्याकाळी दुसरं.

तेराव्याला आत्या ती कॅसेट पदरात बांधून घेऊन आली. आता गेम माझ्याकडे, साताऱ्याच्या टेबलावर असतो. उजवीकडची बटणं मी शिकून घेतली. यादी उघडता येते. एकशे एक्कावन्नावा त्यात आहे, गुलाबी म्हणे, मला तर हिरवाच दिसतो. प्रत्येक प्राण्याच्या पानावर मालकाचं नाव असतं. आम्ही दोघांनी पकडले त्या सगळ्यांवर सुधीरचं आहे. या एकावर देणाऱ्याचं नाव आहे, ते बदलता येत नाही. मिलिंदला विचारलं, तो म्हणाला, भेट मिळालेल्याला तसंच राहतं, बाकी तो तुमचाच, तुमच्यासाठीच लढतो.

मग किडनीवर माझं नाव राहिलं असतं तर काय बिघडलं असतं, सुधीर?