दार किती वेळा

जिनिंगमध्ये काम केलेली दोन माणसं भेटली की किस्से निघतातच. कपडे कितीही झटका, कुठून तरी कापसाचा तंतू निघतो, तसे! मलकापूरच्या आमच्या जिनातल्या गरम कोठीचे किस्से मी पन्नास वेळा सांगितले असतील. लोक हसतात. मीही हसतो, आणि मग स्वतःचाच राग येतो.

कोठी म्हणजे ओला कापूस वाळवायची खोली. बॉयलरच्या वाफेवर तापलेली हवा पंखा आत ढकलायचा. आत कापूस उलटायला काशीबाई आणि तिची धाकटी बहीण सोना. हवेच्या जोरानं दार आपोआप उघडायचं, म्हणून कडी बाहेरून. दम कोंडला की बायांनी आतून ठोकायचं आणि मुकादम तुकारामनं उघडायचं. मी कारकून. दाराशेजारी वही घेऊन बसायचो.

कोळसा फार जातो म्हणून शेठनं मुंबईहून इंजिनीअर साहेब आणले. किती कोळशात किती पाणी उडतं, ते मोजायचं. आकडा सुधारला नाही तर कोठी बंद, आणि आम्ही सगळे घरी!

*

साहेबांनी कोळशाची टोपलीन् टोपली तोलायला लावली. दुसऱ्याच दिवशी कोळसा निम्मा! साहेब खूश. बॉयलरवाल्या हुसेनभाईची पाठ थोपटायला गेले, तर भट्टीत कापसाच्या वाळक्या काड्या धडधडत होत्या.

"हे काय?"

हुसेनभाई शांतपणे म्हणाला, "साहब, कोयला तोलने कू बोले थे. पऱ्हाटी का किसने बोला?"

*

मग पाण्याची पाळी. कापूस आत जाताना तोलायचा, बाहेर आल्यावर तोलायचा. फरक म्हणजे उडालेलं पाणी. तीन दिवस आकडा रडका. चौथ्या दिवशी असा चढला, की साहेबांनी मला चहा पाजला! चहा पिता पिता त्यांनी आत जाणाऱ्या ढिगात सहज हात घातला. हात कोपरापर्यंत ओला!

"तुकाराम, पाणी मारलंस?"

"हाव साहेब. तुमाले पानी उडवूनच दाखवाचं हाय ना? मंग पयले टाकल्याबिगर उडवू कोठून?"

*

साहेबांनी आत थर्मामीटर टांगला आणि काशीबाईला समजावलं, "पारा या रेषेच्या वर गेला की कापूस खराब होतो. लगेच सांगायचं."

काशीबाईनं रेघ नीट पाहून घेतली.

"अन् आमी कोन्या रेघेवर खराब होतो, साहेब?"

साहेब हसले. आम्हीही हसलो, काशीबाईसुद्धा.

*

शेवटी साहेबांना चोर सापडला. दार! उघडलं की गरम हवा फुकट बाहेर. माझ्या वहीत नवा रकाना आला, 'दार किती वेळा'. पहिल्या दिवशी चौदा. साहेबांनी तुकारामला झापलं. दुसऱ्या दिवशी नऊ, मग सहा. बाया बाहेर आल्या की भिंतीला टेकून नुसत्या बसून राहायच्या.

"तुकारामभाऊ, ठोकलं तं उघडत काऊन नाही जी?" सोनानं विचारलं.

"मले का हाऊस हाय, बाई? कोठी बंद पडली तं खाशीन काय?"

*

एक दिवस शेठ स्वतः आकडा पाहायला येणार होते. तुकाराम सकाळपासून दाराला पाठ लावून बसला. एकदा त्यानं उघडलं. त्यानंतर पुन्हा आतून ठोकणं सुरू झालं, तरी तो हलला नाही.

"तुकाराम, उघड बे," मी म्हणालो.

"थांबा जी, बाबूजी. ठोकून राह्यल्या म्हंजे जित्त्या हाय ना!"

मी थांबलो. कडी माझ्यापासून हातभर होती. मीही उठू शकत होतो. नाही उठलो.

थोड्या वेळानं ठोकणं बंद झालं. तुकारामचा चेहरा उतरला. त्यानं धडपडत कडी काढली. सोना रांगत बाहेर आली. काशीबाईला आम्ही ओढून काढलं. हुसेनभाई तिच्या तोंडावर पाणी मारत होता. ती गेल्याचं आम्हाला कळलं, तरी तो मारतच राहिला.

साहेब धावत आले, मागोमाग शेठ. साहेबांनी टोपी काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दार किती वेळा?"

"दोनदा," मी म्हणालो.

बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या सोनानं मान वर केली.

"बाबूजी, तुमी सारं लिवता ना? मंग आमी किती येळा ठोकलं, थे लिवलं काय?"