यंदा एकच अत्तर

जालन्याहून निघालेली एस.टी. भोकरदनच्या पुढे दोनदा बंद पडली, तेव्हाच मी ठरवलं की या वयात उन्हाळ्याचा प्रवास पुरे. हे मी दर वैशाखात ठरवते आणि दर वैशाखात धाड गावी जाते. तिथे माझी थोरली बहीण राहते. जाणं वर्षातून एकदाच होतं, म्हणून तिच्यासाठी दोन अत्तरं एकदमच घेते: उन्हाळ्याला मोगरा, थंडीला हिना (ऊब देणारं, मसाल्यांचं अत्तर).

यंदा मात्र घरातून पाय निघत नव्हता. ताईला दिवाळी दिसणं अवघड आहे, असं डॉक्टरांनी भाच्याला सांगितलं होतं आणि त्यानं मला. ताईला कुणीच काही बोललेलं नव्हतं.

धाडला आठवडी बाजार भरला होता. मिरच्यांच्या ढिगांमधून शिंकत वाट काढली आणि अत्तरवाल्या चाचांच्या पालाखाली बसकण मारली. त्यांनी माझ्या एका हातावर मोगरा लावला, दुसऱ्यावर हिना.

"दोन्ही देऊ ना, बाई? दरसालसारखे?"

मी दोन्ही हात हुंगत बसले. न उघडलेली हिनाची बाटली ताईच्या पश्चात फडताळात तशीच राहील, हे डोळ्यांपुढे आलं.

"एकच द्या. मोगरा."

ताई खाटेवर बसली होती, निम्मी झालेली. भाच्यानं भाकरी आणि भरीत वाढलं. ताईनं मोगऱ्याचा फाया (अत्तरात भिजवलेला कापूस) कानात खोचला आणि डोळे मिटले.

"मस्त हाय. अन् हिवाळ्याचं?"

"विसरले गं."

"तू इसरली?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे डॉक्टरचं तुले सांगतलं यानं. मले न सांगता बी समजलं हाय."

भाचा उठून बाहेर गेला. मला रडू फुटलं. ती काही रडली नाही.

"जाताना हिना घे. पण मले देऊ नको, तुह्याजवळच ठेव. थंडीत घेऊन येजो. मले बी वाट पाहाले काही पाह्यजे ना."

संध्याकाळी चाचा पाल सोडत होते. "आता हिना? या गरमीत?" म्हणत त्यांनी पेटी पुन्हा उघडली.

परतीची एस.टी.ही वाटेत बंद पडली. घामानं अंग चिकट झालं होतं, पाय सुजले होते. हा उन्हाळा एकदाचा संपू दे, असं नेहमीसारखं तोंडातून निघालं आणि ताई आठवताच मी जीभ चावली. पिशवीत हात घालून बाटलीचं बूच घट्ट आहे ना, ते पाहिलं.