काकूंचं द्राक्षासव

"जीभ दाखवा."

पाहुणा कोणीही असो, काकू त्याला आधी एवढंच म्हणायच्या. एकदा नागपूरहून जीपमधून एक मोठे साहेब तपासणीला आले. मागे फाइल धरून पट्टेवाला. साहेबांनी घसा खाकरला, तोवर काकूंनी त्यांना खांद्याला धरून उजेडाकडे वळवलं होतं. साहेबांनी मुकाट्याने जीभ काढली. मागे पट्टेवाल्यानेही काढली.

"पोट साफ नाई तुमचं," काकू साहेबांना म्हणाल्या. "घरी लय चिडत असान."

पट्टेवाला इतका हसला, की पुढे त्याचं काय झालं याची मला अजून काळजी वाटते.

मी तेव्हा अल्लीपूरच्या शाळेत शिक्षिका होते आणि काकूंच्या मळ्यातल्या एका खोलीत भाड्याने राहत होते. त्यांच्या आजेसासऱ्यांनी वर्ध्याच्या उन्हात द्राक्षं लावायचा वेडेपणा केला होता. द्राक्षं आली, पण इतकी आंबट की बाजारात कोणी विचारीना. आजेसासरे वैद्य होते. त्यांनी ती द्राक्षं आंबवून त्यांचं औषधी आसव घातलं आणि तेव्हापासून हे घराणं लोकांच्या पोटदुखीवर सुखाने जगत आलं.

मळा पाहायला लोक लांबून यायचे. काकूंचे यजमान लवकर गेले होते, मूलबाळ नव्हतं. पाहुण्यांना हिंडवणं हाच त्यांचा संसार. वेलींच्या मांडवाखालून त्या मंडळींना तळघरात नेत. तिथे तोंडं मातीने लिंपलेले रांजण ओळीने बसलेले असायचे. "हा गरीब आहे," काकू एकावर हात ठेवून सांगत. "हा मात्र फसफसून राह्यला, याच्यापाशी जोरात बोलू नका." शेवटी प्रत्येकाला एक चमचा आसव. सेवाग्राम पाहून परतणारी माणसंही वाट वाकडी करून येत. सकाळी संयम, दुपारी चमचा.

मग जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि अख्ख्या तालुक्याचं पोट बिघडलं.

औषधाला बंदी नव्हती. फाटकाजवळच्या खोलीत काकूंचे धाकटे दीर बाटल्या विकायचे. काकू त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून आम्हीही भाऊजीच म्हणायचो. तिथे आता रांग लागू लागली. दुखणेकरी मोठे आनंदी. जाताना गाणी म्हणत. भाऊजींनी नवे रांजण आणले. काकूही खूश. "लोकायले आता कुठं आयुर्वेदाची कदर आली," असं मला म्हणाल्या. मला वाटलं, यांना कळत असेल. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

एका रविवारी कॉलेजची मुलं मळा पाहायला आली होती. काकू रंगात आल्या होत्या. तेवढ्यात गावातली एक मजूर बाई डोक्यावर टोपलं घेऊन फाटकातून आत आली. तिने टोपलं अंगणात उपडं केलं. रिकाम्या बाटल्या घरंगळत सगळ्यांच्या पायांशी आल्या. प्रत्येकीवर आजेसासऱ्यांचं पगडीवालं चित्र.

"काकू, हे माह्या नवऱ्याचं औषध," ती म्हणाली. "कवा बरा होईन तो?"

तिचा एक डोळा सुजून मिटला होता. काकूंनी तिला जीभ दाखवायला सांगितलं नाही. हाताला धरून आत नेलं आणि पाहुणे अंगणातच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या खोलीला कुलूप लागलं.

"वयनी, आपण औषध विकतो," भाऊजी म्हणाले. "दारू नाई."

"मंग त्याले आजार कोणता होता, सांगा ना."

"ते पाहणं आपलं काम आहे का?"

"लोकायच्या जिभा काऊन पाहून राह्यली मी इतके वर्षं?"

तेव्हापासून आसव मिळायचं ते फक्त चमच्याने, काकूंच्या हातून, काकूंसमोर. काही चिवट माणसं पुन्हा रांगेत उभी राहत. "तुले मघाशीच देल्लं," काकू म्हणत. "भावाचं पोट दुखते? भावाले पाठव." चमच्यासाठी चालत येणं परवडेना, तसा हळूहळू तालुका बरा झाला.

त्या बाईचा नवरा मात्र बरा झाला नाही. दुसरीकडून मिळवून पिऊ लागला. फाटकाबाहेर उभा राहून काकूंना शिव्या द्यायचा. त्याची बायको वेलींच्या छाटणीला येऊ लागली. त्याचा आवाज आला की दोघी कात्र्या जोरात वाजवायच्या. "त्याले मी नाई सुधरवू शकली," काकू एकदा मला म्हणाल्या, "पण माह्या हातचं तर नाई पेत."

भाऊजी वेगळे झाले. हिंगणघाटला बी-बियाण्यांचं दुकान टाकलं आणि वहिनीशी बोलणं सोडलं. इकडे निम्मे रांजण रिकामे पडले. तरी काकू पाहुण्यांना त्याच थाटात तळघर दाखवत. रिकाम्या रांजणाजवळ आवाज खाली आणत, "हा निजला आहे."

पुढे माझी बदली समुद्रपूरला झाली. काकू गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिल्या एसटीने निघाले, तरी पोचायला उशीर झालाच. घरात नातेवाईक. ओट्यावर भाऊजी, डोकं भादरलेलं. अग्नी त्यांनीच दिला होता.

तेवढ्यात फाटकाशी सहलीची बस थांबली. पोरंपोरी हसतखेळत उतरली. त्यांना काय सांगावं कोणाला सुचेना. भाऊजी उठले, उपरणं सावरलं आणि म्हणाले, "या."

मी मागोमाग गेले. भाऊजींनी सगळं दाखवलं आणि जवळजवळ सगळं चुकीचं सांगितलं. द्राक्षं कोणी लावली ते चुकीचं. आसव आंबताना त्यात धायटीची फुलं कशासाठी घालतात तेही चुकीचं. मी दुरुस्त केलं नाही.

एका मुलीने विचारलं, "हे रांजण बंद किती दिवस ठेवतात?"

"थांबा हं," भाऊजी म्हणाले, "वयनीले इचारून सांगतो." ते लगबगीने जिना चढू लागले आणि मधेच थांबले.