उष्टं दूध

पाटलानं माझ्या लेकराला पायाला धरून छातीपासून ओढलं. बोंडाला आधीच चिरा पडलेल्या. रक्त आलं.

"आधी ह्याला लावलंस? उष्टं दूध पिणार का माझा नातू?"

आता ऐका. दूध माझं, पोर माझ्या पोटचं, आणि दूध उष्टं. मी जळकोटकडच्या एका गावातली, मांगवाड्यातली पहिलटकरीण. लेकराची नाळ नुकती पडलेली. निजाम जाऊन वर्षं झाली होती, पाटील जागच्या जागी होता. त्याच्या सुनेला बाळंतपणात ताप भरला, दूध आटलं, म्हणून मला बोलावलं. मला वाटलं, पोर मांडीवर देतील. कसलं काय. गोठ्यात बसवलं, पुढं पितळेची वाटी सरकवली. पिळ म्हणाले. वाटी भरली की पाटलीणबाई वरून सोन्याची अंगठी टाकायच्या. झालं दूध शुद्ध. मगच वाटी उचलायच्या. तोवर माझं पोर पोत्यावर मूठ चोखत पडलेलं. घरी गेल्यावर त्याला गुळाचं पाणी, कारण छाती रिकामी.

त्या दिवशी त्याचं रडणं बारीक झालं, मांजराच्या पिल्लासारखं. मी वाटी सारली आणि त्याला जवळ घेतलं. तेवढ्यात पाटील आला.

पोर पोत्यावर टाकलं. माझे केस धरून डोकं वाटीवर दाबलं. "पिळ."

पिळलं की. थेट त्याच्या डोळ्यात. बाळंतिणीची धार ती, काय सांगू, दोन्ही डोळे भरले. पाटील धोतरानं तोंड पुसत ओरडायला लागला, "बाटवलं, बाटवलं." नातवाला जे पाजत होता, त्यानंच आजा बाटला. मला हसू फुटलं. मग कमरेत लाथ बसली. हसू गेलं. मी वाटी उचलून त्याच्या कपाळावर हाणली. खोक पडली.

पोर छातीशी धरून घरी पळाले. सासूनं दारातच हात जोडले. "जा, पाय धर त्यांचं. घरं पेटवतील आपली."

मी दारात बसून पोराला पाजत राहिले. मागोमाग पाटलाचा गडी आला.

"चल बाई. बारकं रडतंय तिकडं. मालकानं माफ केलंय तुला."

"म्या न्हाय केलं. पोर उपाशी आसंल तर सुनंला सांग, घिऊन ये हितं. माझ्या मांडीवर दे. आधी माझं पिणार, मग तिचं. वाटी घिऊन कुणी आलं तर हात मोडीन."

गडी गेला. मी खुरपं मांडीखाली घेतलं आणि पोराला दुसऱ्या अंगाला लावलं. त्याचं पोट भरेपर्यंत कुणासाठीही उठणार नव्हते.