सासूबाईंचं ‘आय कम’ आणि बँकॉकची केळीवाली

नवरा म्हणाला, ऊसतोडीची टोळी कधी येऊन उभी राहील सांगता येत नाही, मी काही हलत नाही, तू आईला घेऊन जा. झालं! इतकी वर्षं जिचे व्हिडिओ बघत आले, ती थायलंडची राजधानी बघायची तीही सासूबाईंबरोबर. नणंदेच्या दुबईतल्या बाळंतपणासाठी काढलेला त्यांचा पासपोर्ट कोराच पडला होता. मी कपाळाला हात लावला आणि तिकिटं काढली.

न्हावऱ्याकडून निघणार असाल तर जास्तीचा वेळ वाघोलीसाठी ठेवा. शिक्रापूरपर्यंत गाडी बरी पळाली, मग अशी अडकली की सासूबाईंनी तिथंच भाकरीचं फडकं सोडलं. पुण्याहून थेट विमान आहे. व्हिसा आम्हाला लागला नाही, फक्त आधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा. नियम बदलत असतात, तेव्हा तपासून जा.

बँकॉकनं पहिल्याच दिवशी जीव नकोसा केला. घाम वाळतच नाही. फुटपाथवरून चालावं तर मागून मोटारसायकल. स्कायट्रेन झकास आहे, पण स्टेशनला बाहेर पडायच्या वाटा इतक्या की आम्ही दर वेळी रस्त्याच्या नेमक्या चुकीच्या बाजूला उतरलो. शाकाहारी म्हणून मागवलेल्या भाजीत माशाचा सॉस निघाला, आणि त्या दिवशी सासूबाईंचा गुरुवार! त्यातल्या त्यात नदीतली बोट स्वस्त आणि गार. देवळांत खांदे-गुडघे झाकावे लागतात, तिथं सासूबाईंच्या नऊवारीला कुणी अडवलं नाही, मलाच ओढणी विकत घ्यावी लागली.

सासूबाईंना सगळ्या शहरात एकच गोष्ट आवडली. हॉटेलच्या गल्लीबाहेर एक बाई निखाऱ्यावर केळी भाजून विकायची. रोज सकाळी सासूबाई तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसायच्या. या मराठीत बोलायच्या, ती थाईत, आणि दोघींचं काय ते चालायचं. निघताना सासूबाई हात हलवून मोठ्यानं म्हणायच्या, ‘आय कम!’ विमानात मीच त्यांना दोन-चार इंग्रजी शब्द शिकवले होते, त्यातून हे जुळवलेलं.

मी वैतागून म्हटलं, आई, निघताना ‘बाय’ म्हणायचं. ‘आय कम’ म्हणजे तुम्ही परत येताय असं होतं.

“मग? जाते कसं म्हनू? सकाळच्या पारी वंगाळ वाटतं त्ये.”

पुढं मी नाद सोडला. दुपारी परत यायचो तेव्हा गल्लीतल्या बाकीच्या गाड्या कधीच उठलेल्या असायच्या, केळीवाली तेवढी बसलेली दिसायची. मला वाटलं, हिचा धंदा बरा चालतो.

शेवटच्या दिवशी संध्याकाळचं विमान होतं. सकाळी केळी खाल्ली, खोली सोडली, एका मॉलमध्ये थंड हवेत वेळ काढला आणि बॅगा ओढत स्कायट्रेनमध्ये चढलो. मी त्यांचा पासपोर्ट मागितला. सासूबाईंनी कंबर चाचपली, मग दुसरी बाजू. पासपोर्टचा बटवा तिथं नव्हता. पासपोर्ट माझ्याकडे द्या म्हणून पहिल्या दिवसापासून कानीकपाळी ओरडत होते, पण नाही, माझा माझ्यापाशी ऱ्हाऊ दे! पासपोर्टशिवाय त्यांना विमानात कोण घेणार? मी भर डब्यात त्यांच्यावर नको इतकी चिडले.

सकाळी केळीचे पैसे त्यांनी बटव्यातूनच दिले होते, म्हणून उलट फिरलो. टॅक्सी केली, ती ट्रॅफिकमध्ये रुतली, शेवटची वाट बॅगा घेऊन पळालो. गल्लीत सगळं सामसूम. निखारे विझलेले, छत्री मिटलेली, आणि शेजारी केळीवाली स्टुलावर बसलेली. मांडीवर बटवा.

मला बघून ती वैतागल्यासारखी हसली. सासूबाईंकडे बोट करून मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “मामा से, आय कम. आय वेट.”

म्हणजे बाई रोज दुपारी धंद्यासाठी थांबत नव्हती! मला रडूच फुटलं. सासूबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मी त्यांना खेचतच टॅक्सीकडे नेलं. विमान मिळालं, पण अगदी दार लागता लागता.

घरी येऊन आठवडा झाला. टोळी अजून आलेली नाही, नवरा बांधावर उभा राहून फोन करतोय. फोटो मी नंतर टाकेन, कारण इथं वेगळंच चाललंय. काल रात्री सासूबाई जेवता जेवता थांबल्या.

“पळताना मी तिला काय म्हनले गं?”

मला आठवत होतं. टॅक्सीचं दार लावता लावता त्यांनी हात हलवला होता आणि सवयीनं तेच ओरडल्या होत्या.

“आय कम,” मी म्हटलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. “म्हंजी ती बसली आसंल.”

मी समजावलं, बॅगा बघितल्यात तिनं, कळलं असेल तिला. त्यांना काही पटलं नाही. आज सकाळपासून मी परत तिकिटांचे दर बघतेय.